दांडगा कुत्रा, खारी हवा: टिकणारा पट्टा आणि हार्नेस कसं निवडावं?

मिरामारची सकाळ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कुत्रा नर, तीन वर्षांचा, लॅब्रॅडॉर-रॉटवायलर संकर. वजन ३८ किलो, मान ५० सेंमी, छातीचा घेर ८१ सेंमी. राहतो पणजीत; सकाळी मिरामारच्या वाळूत, संध्याकाळी कांपालच्या फुटपाथवर. मांजर, गुरं आणि स्कूटरवरून पाव घेऊन जाणारा पोदेर दिसला की एकदम झेप घेतो. एरवी शहाणा.

सध्याचं सामान: २५ मिमी रुंदीचा नायलॉनचा पट्टा १.२ मीटर, त्याला चकचकीत चंदेरी हूक, आणि पाठीवर एकच कडी असलेलं जाळीदार कापडाचं हार्नेस. आठ महिन्यांत हुकाची फिरकी घट्ट बसली, खटका दाबला की परत मिटत नाही, चकाकी पापुद्र्यासारखी निघतेय. हार्नेसची शिवण बकलाच्या शेजारी उसवली. पट्टीला मात्र काही झालेलं नाही.

विचारायचं असं: जाड पट्टी घेतली तर सुटेल का हा प्रश्न? धातू कोणता? आणि ऑनलाइन 'हेवी ड्यूटी' लिहिलेलं सगळंच हेवी असतं का?

जेटीवरचा

पट्टी जाड करून काही होणार नाही, तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. २५ मिमीची साधी नायलॉन पट्टीही काही शे किलो ओढ सहज सोसते. तुटतात ते सांधे: हूक, कडी, बकल, शिवण. पैसे तिथे घाला.

तुमचा चंदेरी हूक जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव आणि वरून निकेलचा मुलामा दिलेला असणार. बाजारातले बहुतेक हूक तसेच. वाकण्याआधीच हा धातू कटकन मोडतो, त्यामुळे आधी सूचना मिळत नाही. मुलाम्याला बारीक चीर गेली की खारी हवा आत शिरते, खाली पांढरट पूड धरते आणि मुलामा फुगून पापुद्रे निघतात. ओळखायचं कसं? सगळे लोहचुंबक घेऊन येतात, पण जस्तही चिकटत नाही, पितळही नाही आणि चांगलं स्टेनलेसही जवळजवळ नाही. चुंबकानं फक्त लोखंड पकडलं जातं. त्यापेक्षा हुकाच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी खिळ्यानं ओरखडा काढा. आत राखाडी दिसलं तर जस्त, पिवळं दिसलं तर पितळ. ओतकामाची साच्याची रेघ अंगभर दिसत असेल आणि हूक हातात हलका लागत असेल तर संशय आणखी पक्का.

स्टेनलेसमध्ये दोन भाऊ आहेत, ३०४ आणि ३१६. दिसायला सारखे. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि मिठामुळे धातूला जे खड्डे पडतात त्यांना ते अडवतं. ३०४ किनाऱ्यावर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग धरतं. लगेच तुटत नाही, पण फिरकीच्या आत, जिथे खारं पाणी अडकून बसतं आणि हवा पोचत नाही, तिथे ते आतून खात जातं. बोटीच्या सामानावर 'ए४' असा ठसा दिसला तर तो ३१६, 'ए२' असेल तर ३०४. पाळीव प्राण्यांच्या दुकानात हा ठसा क्वचित सापडेल. मासेमारी आणि बोटीचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा, तिथे गिऱ्हाईक ठसा बघूनच घेतं.

पितळेचा बोल्ट-हूक (अंगठ्यानं मागे ओढायचा खटका असतो तो) वाईट नाही. अंग भक्कम असतं, पण आतली स्प्रिंग बऱ्याचदा साध्या पोलादाची. बाहेरून हूक सोन्यासारखा आणि आत स्प्रिंगचा चुरा, असं होतं. घेताना खटका दहा-बारा वेळा ओढून सोडा: प्रत्येक वेळी 'टक्' आवाज करून पूर्ण मिटला पाहिजे. आणि पितळ कुठे गुलाबी-तांबूस पडलेलं दिसलं तर त्यातलं जस्त झडलंय. तो हूक बाद.

'हेवी ड्यूटी' हा शब्द फुकटचा. आकडा छापलेला असेल तर तो कशाचा ते बघा. ब्रेकिंग लोड म्हणजे तुटायची ओढ, वर्किंग लोड म्हणजे रोज सोसायची. बोटीच्या सामानात दोन्हींत साधारण पाचपट अंतर धरतात. '५०० किलो' असं नुसतं लिहिलेलं असेल तर ते ब्रेकिंग समजा, आणि तेही नव्या, कोरड्या मालाचं.

डिचोलीकर

इतकी डोकेफोड कशाला. डोंगर चढणाऱ्यांचं स्क्रूवालं कॅरॅबिनर (दोर अडकवायची खटक्याची कडी) घ्या, अ‍ॅल्युमिनियमचं. माणसाचं वजन झेलतं, कुत्र्याचं काय.

जेटीवरचा

@डिचोलीकर ताकदीबद्दल वाद नाही. डिचोलीत, मिठापासून लांब, चालेलही. पण किनाऱ्यावर अ‍ॅल्युमिनियमचं कॅरॅबिनर स्टेनलेसच्या कडीला लावलं आणि दोन्ही खाऱ्या पाण्यात भिजले की अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं. दोन वेगळे धातू आणि मधे मिठाचं पाणी, म्हणजे लहानशी बॅटरीच झाली. सांध्यावर पांढरी पावडर दिसते ती हीच. शिवाय स्क्रूच्या आट्यांत मिरामारची बारीक वाळू बसली की फिरवताना करकर होते, मग लोक स्क्रू अर्धवट फिरवून सोडून देतात. अर्धवट मिटलेलं कॅरॅबिनर म्हणजे बिनकुलपाचं कॅरॅबिनर.

कॅरॅबिनर हवंच असेल तर ३१६ चं, कुलूपवालं, ८ मिमी जाडीचं. ते पाठीच्या कडीला लावा. छातीच्या कडीला इतका जड हूक लोंबकळत ठेवू नका, चालताना तो पुढच्या पायांवर आपटतो.

दोन टाके

धातूचं झालं, आता शिवण. तुमच्या हार्नेसची शिवण बकलाशेजारीच का उसवली? पट्टी बकलातून दुमडून येते तिथे प्रत्येक पावलाला वाकते. वाळू आणि मिठाचे कण त्या घडीत अडकतात आणि कानशीसारखे धाग्यावर घासतात. पट्टीत असे हजारो तंतू असतात, टाक्यात एकच धागा. आधी तोच जाणार.

खरेदीच्या वेळी हार्नेस उलटं करा आणि प्रत्येक कडीमागची शिवण बघा. चौकट आणि तिच्यात फुली असा टाका हवा. चौकट ४० × २५ मिमीची धरा, टाका ४ मिमीचा: परीघ आणि दोन्ही तिरक्या रेघा मिळून साधारण ५५ टाके बसतात. याउलट स्वस्त मालात दोन आडव्या रेघा मारून सोडलेलं असतं, मोजून बारा-पंधरा टाके. आडव्या रेघेचा आणखी एक दोष आहे. ओढ आली की पहिल्या रेघेवर सगळा भार, ती गेली की दुसरीवर. चौकटीत भार वाटला जातो.

धागा बॉन्डेड पॉलिएस्टरचा असावा. नायलॉनचा धागा ताकदीला कमी नाही, पण उन्हात लवकर विरतो, आणि टाका तर सतत उघड्यावर असतो. जाडी ९२ नंबर पुरते, ३८ किलोच्या कुत्र्यासाठी मुख्य सांध्यांवर १३८ असेल तर उत्तम. धाग्याचा रंग पट्टीपेक्षा वेगळा असेल असं सामान मुद्दाम निवडा. काळ्यावर काळा धागा तुटलेला दिसतच नाही, काळ्यावर पिवळा लांबूनही कळतो.

तुमचं हार्नेस बाकी धड असेल तर फेकू नका. घरच्या शिलाई मशीनवर मात्र प्रयत्न नको, सुई मोडेल आणि ताणही जमणार नाही. म्हापशाला, मडगावला स्कूटरच्या सीटची कव्हरं शिवणारे असतात, त्यांच्याकडे जड मशीन असतं. त्यांना तीन गोष्टी सांगा: जुने टाके पूर्ण उसवून काढायचे, चौकट-फुली मारायची, टाका साडेतीन ते चार मिमी. बारीक टाका म्हणजे मजबूत हा गैरसमज आहे. फार जवळजवळ भोकं पाडली की पट्टी पोस्टाच्या तिकिटासारखी त्याच रेघेवर फाटते.

आणि पट्टी खरंच नायलॉनची आहे का? 'नायलॉन' म्हणून पॉलिप्रॉपिलिन सर्रास विकतात. टोकाचा बोटभर तुकडा कापून पाण्याच्या पेल्यात टाका, बोटांनी दाबून आतली हवा काढा. बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. तरंगत राहिला तर पॉलिप्रॉपिलिन, म्हणजे उन्हात कडक होऊन कुसळं निघणारं. हाताला टोचायला लागतं तेच.

मिरामारची सकाळ

ओरखडा काढला, आत राखाडी. पट्टीचं टोकही कापून बघितलं, बुडालं. @दोन टाके, मग नायलॉन की पॉलिएस्टर? आणि ते बायोथेन म्हणून चामड्यासारखं दिसणारं मिळतं ते? चामडं चालेल का?

आणखी एक सांगायचं राहिलं. पट्टा तोंडात धरून चघळायची सवय आहे, कुत्र्याच्या बाजूचा पहिला वीतभर भाग कुरतडलेला आहे.

दोन टाके

चामडं पुण्याला घ्या. इथे जून ते सप्टेंबर चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी बुरशी येते, आणि मग लोक खोबरेल चोळतात. खोबरेल काही दिवसांत खवट होतं, वाळू धरतं, बुरशीला आयतं खाद्य.

नायलॉन मऊ, हाताला बरं, थोडं ताणतं त्यामुळे हिसका कमी लागतो. पण पाणी पितं, ओलं झालं की ताकद दहा-पंधरा टक्के उतरते आणि पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही. पॉलिएस्टर पाणी फारसं घेत नाही, उन्हाला जास्त टिकतं, ताणतं कमी. इथल्या हवेत माझं मत पॉलिएस्टर. रुंदी २५ मिमीच ठेवा, जाडी २ ते अडीच मिमी. ३८ मिमीचा पट्टा हातात मावत नाही, मूठ नीट मिटत नाही आणि पकड उलट ढिली होते. रुंद पट्टी गळ्यात आणि छातीवर हवी, हातात नको.

बायोथेन म्हणजे आत पॉलिएस्टरची पट्टी आणि तिच्यावर प्लास्टिकचं आवरण. पाणी आत शिरत नाही, फडक्यानं पुसलं की स्वच्छ, वास धरत नाही. गोव्याच्या पावसाला याच्याइतकं सोयीचं काही नाही. दोष दोन. ओलं झालं की गुळगुळीत, म्हणून हाताच्या बाजूला खरबरीत पृष्ठाचं घ्या. आणि दुसरा तुमच्या कामाचा: दात लागून आवरण चिरलं की पाणी आतल्या पट्टीत जातं आणि बाहेर येत नाही. चघळणाऱ्या कुत्र्याला नको.

चघळण्यावर उपाय: हुकाजवळचा ३० ते ४० सेंमी भाग साखळीचा, बाकी पट्टी. साखळीचे दुवे वेल्डिंग केलेले असावेत, नुसते वाकवून जुळवलेले नकोत, ते उघडतात. पूर्ण पट्टाच साखळीचा करू नका. साखळी जराही ताणत नाही, सगळा हिसका तुमच्या खांद्याला आणि त्याच्या छातीला. आणि तोंडात साखळी धरून ओढायला लागला तर दात झिजतात, म्हणून ही सवय सुटेपर्यंतची तडजोड समजा.

काथ्या

आजोबांच्या पद्धतीनं काथ्याची दोरी? खाऱ्या पाण्यात कुजत नाही. 😄

दोन टाके

@काथ्या कुजत नाही हे खरं. तळहाताची साल मात्र जाते.

हिसका-गणित

ताकद किती लागते याचा हिशेब कुणी मांडत नाही म्हणून मांडतो.

३८ किलोचा कुत्रा दोन मीटरच्या पट्ट्यात झेप घेऊन सेकंदाला ४ मीटर वेग गाठतो असं धरा. गतिज ऊर्जा: अर्धा × ३८ × १६ = ३०४ ज्यूल. पट्टा ताठ झाल्यावर तो १० सेंमीत थांबला तर सरासरी ओढ ३०४० न्यूटन, म्हणजे सुमारे ३१० किलो. तोच ४० सेंमीत थांबला तर ७६० न्यूटन, ७७-७८ किलो. कुत्रा तोच, झेप तीच. फरक फक्त थांबायला मिळालेल्या अंतराचा. म्हणून कोपर किंचित वाकवून ठेवा, एक पाय पुढे, आणि हिसका आला की हात त्या दिशेनं थोडा जाऊ द्या. पट्टा खांबाला किंवा स्कूटरला बांधून ठेवलात तर हे अंतर शून्याकडे जातं, आणि जस्ताचा हूक मोडतो तो नेमका तेव्हा. स्कूटर आडवी पडून कुत्र्यामागे घसरत जाते ते वेगळंच.

रबरी स्प्रिंगचा (बंजी) तुकडा लावतात तो याच कारणानं. कल्पना बरोबर, पण आत रबराबरोबर न ताणणारी पूर्ण लांबीची पट्टी आहे ना ते बघा. रबर कधीतरी तुटणारच, तेव्हा ती पट्टी उरली पाहिजे.

वाळूवर मोकळं धावू देण्यासाठी लोक १० मीटरची लांब दोरी घेतात. तिथे वेग ८ मीटरपर्यंत जातो. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट: १२१६ ज्यूल. ४० सेंमीत थांबवलं तरी पुन्हा तीच ३१० किलोची ओढ. म्हणून लांब दोरी गळपट्ट्याला कधीच नाही, फक्त हार्नेसच्या पाठीच्या कडीला. हातमोजे घाला, आणि दोरीच्या हाताकडच्या टोकाला फास ठेवू नका, पाय अडकतो. आपोआप गुंडाळणारे डबीतले पट्टे तर या वजनाला विसराच. बारीक दोरी बोटांवरून घसरली की चटका बसतो, आणि ब्रेकच्या प्लास्टिकच्या दात्यात वाळू गेली की तो धरतच नाही.

रोजच्या रस्त्याला १.५ ते १.८ मीटर पुरे. तुमचा १.२ चा आखूडच आहे, कायम ताठ राहतो. हुकापासून ३० सेंमीवर दुसरी मूठ शिवलेली असावी, गुरं आली की तिला धरायचं. पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही. फास अंगठ्यात अडकवा, उरलेली पट्टी तळहातावर घडी करून मूठ मिटा. बोटांभोवती वेढा नको. पडलात तर मूठ उघडता आली पाहिजे, नाहीतर बोट मोडतं.

कमरेला बांधायच्या पट्ट्याबद्दल कुणी विचारायच्या आत: शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर, पावसाळ्यात, ३८ किलो कमरेला. नको.

मापाची पट्टी

हार्नेसवर कुणी बोललंच नाही अजून.

समोरून बघितल्यावर इंग्रजी वाय अक्षरासारखं दिसेल असं घ्या. दोन पट्ट्या मानेच्या बुडापासून उतरून छातीच्या हाडावर एकत्र येतात आणि एक पट्टी पुढच्या पायांमधून पोटाखाली जाते. छातीवर आडवी पट्टी असलेलं हार्नेस खांद्याच्या सांध्यावरून जातं, दर पावलाला खांदा तिला अडतो आणि कुत्रा पावलं आखूड टाकतो. शिवाय मागे सरकला की त्यातून निसटतो.

मापं तीन. मानेचं: गळपट्ट्याच्या जागी नाही, त्याच्या खाली, मान खांद्याला मिळते तिथे. छातीचा घेर: कोपराच्या मागे तीन ते चार बोटं सोडून. तिसरं माप लोक घेतच नाहीत, छातीच्या पुढच्या हाडापासून पुढच्या पायांच्या मधून घेराच्या पट्टीपर्यंतचं. हे आखूड झालं की घेराची पट्टी काखेत येते, चामडी सोलवटते. उभ्या कुत्र्याचं माप घ्यायचं, बसलेल्याचं चार-पाच सेंमीनं चुकतं.

तुमचा घेर ८१. आकाराच्या तक्त्यात ७० ते ९० असेल ते घ्या, ६५ ते ८२ असेल ते सोडा. पट्टी शेवटच्या टोकाला सोडलेली असेल तर सरकबकलाला धरायला शेपूट उरत नाही आणि ओढीत ती सरकते. बसवल्यावर प्रत्येक पट्टीखाली दोन बोटं आडवी गेली पाहिजेत, तीन नकोत. मग खरी चाचणी: कुत्र्यासमोर उभं राहून पट्टा हलकेच स्वतःकडे ओढा आणि त्याला मागे सरकू द्या. हार्नेस कानांकडे सरकायला लागलं तर ढिलं आहे, किंवा त्याच्या छातीच्या ठेवणीला ते हार्नेस योग्य नाही. खोल छाती आणि बारीक कंबर असणाऱ्यांना, मुधोळ किंवा कारवानी रक्ताच्या कुत्र्यांना, बरगड्यांच्या मागे आणखी एक पट्टी असलेलं हार्नेस लागतं. तुमच्याला बहुधा दोन पुरतील.

कड्या दोन हव्यात, एक छातीवर आणि एक पाठीवर. दोन्ही वेल्डिंग केलेल्या. नखानं कडीच्या कडेनं फिरून बघा. नख अडकेल अशी फट असेल तर ती नुसती वाकवलेली, ओढीत उघडणारी. छातीची कडी ओढीला कुत्र्याला बाजूला वळवते, त्यामुळे त्याचं वजन तुमच्याविरुद्ध सरळ लागत नाही. दोन्ही टोकांना हूक असलेला पट्टा घ्या: हलका हूक छातीवर, जड पाठीवर. रोजचं चालणं पाठीच्या कडीवर, पोदेर दिसला की छातीची बाजू घट्ट. कायम फक्त छातीच्या कडीवर ओढत राहिलात तर हार्नेस एका बाजूला फिरतं आणि त्या बाजूच्या काखेत घासतं.

काट्यांचा किंवा फासाचा गळपट्टा कुणीतरी सुचवेलच. ज्या झेपेचा हिशेब वर मांडलाय ती ओढ गळ्यावर घ्यायची असा त्याचा अर्थ होतो. नाही.

मिरामारची सकाळ

उभं करून पुन्हा मोजलं, ८३ निघाला. 😅 बकल प्लास्टिकचं की धातूचं? आणि नरकासुराच्या रात्रीचं (दिवाळीच्या आदल्या रात्रीचं) काय, फटाक्यांना घाबरून मागे ओढत डोकं काढून घेतो.

मापाची पट्टी

बकल: चांगल्या प्लास्टिकचं (अ‍ॅसिटलचं) बकल किनाऱ्यावर धातूपेक्षा कमी कटकटीचं. गंजत नाही, वाळू धुऊन निघते. फक्त दोन्ही बाजूचे काटे नीट बघा, मुळाशी पांढरी रेघ दिसली तर तिथे ते थकलंय, बदला. आणि ते उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. खटक्याचं धातूचं बकल भक्कम असतं, पण दर फेरीनंतर गोड्या पाण्यानं धुणार असाल तरच.

नरकासुर, चवथ आणि लग्नाच्या वरातींसाठी दुहेरी बांधणी. हार्नेस आहेच, सोबत मार्टिंगेल गळपट्टा, म्हणजे ओढीला मर्यादेपर्यंतच आवळणारा. तो असा बसवा की पूर्ण आवळल्यावर कानांमागे मानेला लागून बसेल आणि त्याच्या दोन कड्या एकमेकींना टेकणार नाहीत. टेकल्या तर तो ढिला आहे, डोकं निघेल. मग १५ ते २० सेंमीचा जोडपट्टा, एक टोक गळपट्ट्याला आणि दुसरं हार्नेसच्या पाठीच्या कडीला, ढिला. रोजची ओढ हार्नेसवरच. हार्नेस निसटलं तरच गळपट्टा कामाला येतो. मुळात त्या रात्री फिरणं अंधार पडायच्या आत उरका.

नाव-फोनची पाटी लोंबकळत्या छल्ल्यात नको, तो छल्ला झाडीत अडकून उघडतो. पट्टीवर रिव्हेटनं सपाट बसवलेली पाटी घ्या.

गोचीड-शोधक

एवढं सामान घालाल, पण घरी आल्यावर काढा. इथे गोचिडी बारा महिने, आणि गळपट्ट्याखालची, हार्नेसच्या अस्तराखालची जागा त्यांना फार आवडते. पावसाळ्यात स्पंजचं अस्तर दिवसभर ओलं राहतं, खाली कातडी लाल होते, केस गळतात, खाजवून जखम. जाड मऊ अस्तर दुकानात बघायला छान वाटतं. इथे पातळ, पाणी न पिणारं अस्तर बरं, किंवा नुसती रुंद पट्टी. पट्टा काढल्यावर केसांच्या उलट दिशेनं बोटं फिरवा, मसुराएवढी गाठ लागली तर दिव्याखाली बघा.

धुणं: किनाऱ्यावरून आल्यावर बादलीभर गोड्या पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा. वरून नळाखाली धरून भागत नाही, मीठ पट्टीच्या आत असतं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे न धुतलेली पट्टी वाळल्यासारखी वाटते आणि रात्री पुन्हा दमट होते. बादलीतच हुकाचा खटका आणि फिरकी हलवत राहा, वाळू खाली बसलेली दिसेल. वाळवणं सावलीत, पंख्याखाली. साबण आठवड्यातून एकदा, सौम्य. ब्लीच नाही.

जेटीवरचा

त्यात भर: हुकात तेल घालू नका, खोबरेल तर नाहीच. वाळू आणि तेल मिळून घासायची पेस्ट तयार होते. सिलिकॉनचा कोरडा स्प्रे महिन्यातून एकदा, धुऊन वाळल्यावर.

आठवड्याला दोन मिनिटं तपासणी. फिरकी बोटानं फिरते का. खटका पूर्ण मिटतो का. कडी हुकात जिथे घासते तिथे खाच पडलीय का (धातूची जाडी पाव भागानं उतरली की बदला). चौकटीत लागोपाठ तीन टाके तुटलेले दिसले की पुन्हा शिवून घ्या, चौथ्याची वाट बघू नका. पट्टी दुमडून कडेकडेनं बघा, पिसं निघालेली असतील तर उन्हानं किंवा घासून विरलीय.

मिरामारची सकाळ

मंडळी, देव बरें करूं. यादी अशी झाली: वायच्या आकाराचं दोन कड्यांचं हार्नेस, पॉलिएस्टरचा १.८ मीटरचा दोन हुकांचा पट्टा आणि त्याला ३०-४० सेंमी साखळी, मार्टिंगेल, जोडपट्टा. जुना हूक मोडीत द्यावा की घरात बांधायला ठेवावा?

जेटीवरचा

मोडीत. आणि देण्याआधी खटका पकडीनं तोडून टाका, नाहीतर कुणीतरी उचलून बैलाला लावील.

दोन टाके

साखळी एकाच बाजूला, पाठीच्या हुकाकडे लावा. छातीच्या बाजूला लावलीत तर ती आयती त्याच्या तोंडासमोर येईल.